प्रकल्प नोंदी: दापोलीजवळचं लग्न, दुपारचा मुहूर्त आणि लाल-पिवळा मांडव

१८ मार्च

लग्नाच्या फोटो-व्हिडिओची ऑर्डर पक्की. ४ मे, मुहूर्त दुपारी १२ वाजून १७ मिनिटं. जागा दापोलीपासून थोडं आत, वधूच्या घरचं अंगण. ३ तारखेला ग्रहमख आणि हळद, ४ ला लग्न आणि संध्याकाळी त्याच मांडवात स्वागत समारंभ, ६ ला चिपळूणला वराच्या घरी सत्यनारायण. टीम पाच जणांची: ट्रॅडिशनल फोटो, कॅंडिड (पोज न देता नकळत टिपलेले फोटो), ट्रॅडिशनल व्हिडिओ, गिंबलवर (कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या दांडीवर) सिनेमॅटिक आणि एक लाइटमन.

तारीख देण्याआधी सीझनचं कॅलेंडर पाहिलं. त्यावर टीममधल्यांच्या घरचे दिवस लाल पेनने आधी भरतात: भाच्याची मुंज, आईची डॉक्टरची तारीख, पोरांच्या शाळेचं काही. ऑर्डरी त्यानंतर. उलट क्रमाने भरलं की मे महिन्यात लाल पेन लागतच नाही.

घरच्यांना "कसे फोटो हवेत?" हा प्रश्न विचारला नाही, उत्तर म्हणून मोबाईलवरची चित्रं येतात. विचारलं ते हे: वधूचा मामा कोण, वराचा मामा कोण, अंतरपाट कोण धरणार, लाह्या कोणता भाऊ देणार, कानपिळी कोण करणार, करवल्या किती. नाव आणि त्या माणसाचा एक फोटो मागवला. कानपिळी दहा सेकंदांत संपते, आणि वधूचा भाऊ कोण हे तेव्हा शोधायला लागलं तर ती गेली.

२ एप्रिल

गुरुजींना फोन. चार प्रश्न: अंतरपाट कोणत्या अंगाला ओढणार, मंगलाष्टकं किती, होम बोहल्यावरच की बाजूला, सप्तपदीला मोकळी जागा किती. अंतरपाटाचं उत्तर "उत्तरेला". पुढे तेच म्हणाले, "माझी मंगलाष्टकं वेळेत होतील हो, घरच्या मंडळींच्या हातात माईक गेला की तुम्हीच बघा."

ही माहिती एवढी महत्त्वाची का, तर वधू-वर पूर्व-पश्चिम समोरासमोर उभे असतात. मधल्या कापडाच्या रेषेत कॅमेरा हवा, म्हणजे उत्तरेला किंवा दक्षिणेला. कापड ज्या बाजूला ओढतात त्या बाजूचा कॅमेरा ओढणाऱ्याच्या पाठीने झाकला जातो. त्यामुळे मुख्य कॅमेरा दक्षिणेला.

१३ एप्रिल, जागेची पाहणी

मुद्दाम मुहूर्ताच्याच वेळी पोहोचलो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात या भागात शून्य सावलीचा दिवस येतो, त्यामुळे ४ मेला सव्वाबाराला ऊन जवळजवळ सरळ डोक्यावर असणार. उघड्यावर उभं केलं तर डोळ्यांच्या खोबणीत काळोख आणि नाकाखाली मिशीसारखी सावली. मांडव असल्याने ते टळतं, पण मांडवाचं छत लाल-पिवळ्या पट्ट्यांचं, एकेरी सुती कापडाचं. तेच कापड शेजारच्या वाडीत दुसऱ्या कार्याला बांधलेलं होतं, त्याखाली जाऊन मोजलं.

ग्रे कार्ड (करडा नमुना-पुठ्ठा) धरून व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड नारिंगी) घेतला तर कॅमेऱ्याने ३४०० केल्विनच्या आसपास दाखवलं, वर किरमिजीकडे झुकलेला. लाल पट्ट्याखालून दोन पावलं सरकून पिवळ्याखाली गेलं की आकडा बदलतो. म्हणजे वराचा चेहरा एका रंगाचा आणि वधूचा दुसऱ्या. एका फोटोत दोन चेहऱ्यांना दोन व्हाइट बॅलन्स लावायचे तर प्रत्येक फोटोवर हाताने मास्क करावा लागेल.

पहिला विचार असा होता की बोहल्यावर, रंगीत छताच्या खाली, पांढरं कापड ताणायचं. एक पांढरी चादर बांबूंना बांधून पाहिली. कार्ड तसंच नारिंगी. लाल कापडातून आलेला उजेड रंगूनच खाली उतरलेला असतो. पांढरं कापड तो फक्त पसरवतं, धुऊन काढत नाही. आता हे लिहिताना उघड वाटतं, पण चादर बांधेपर्यंत पाच जणांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

मग रंगीत कापडाचा एक कोपरा गुंडाळून बाजूला केला आणि तिथे चादर दुहेरी करून लावली. आकडा ५३०० वर आला. निर्णय: बोहल्यावरचे रंगीत पट्टे काढायचे आणि त्या जागी १५ बाय १२ फुटांचं मांजरपाट, दुहेरी.

१४ एप्रिल

मांडववाल्याशी बोलणं. त्यांची हरकत रास्त होती: शुभकार्यात डोक्यावर कोरं पांढरं कापड नको, घरची म्हातारी माणसं बोलतील. तोड निघाली. चारही कडांना लाल-पिवळी झालर आणि झेंडूची तोरणं सोडायची, पांढरं मधेच राहील. झालर उभी लोंबते, तिच्यातून गाळून येणारा उजेड चेहऱ्यावर फारसा पडत नाही.

कोरं मांजरपाट पिवळसर असतं, म्हणून दोनदा धुऊन घेतलं. सॅटिन सुचवलं गेलं होतं. नको, ते चकाकतं आणि वाऱ्याने हललं की उजेडही हलतो, व्हिडिओत चेहरे लुकलुकतात.

२७ एप्रिल, सामान

स्थिर फोटोला चार कॅमेरा बॉडी, प्रत्येकी दोन कार्डांवर रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल). लेन्स मिलिमीटरमध्ये ३५, ८५, २४-७०, ७०-२०० आणि दागिन्यांसाठी १०० मॅक्रो. दोन फ्लॅश, एक २०० वॉटसेकंदाचा स्ट्रोब (मोठा फ्लॅश), त्याचा उजेड मऊ करायला ९० सेंटीमीटरचा सॉफ्टबॉक्स. छताला फ्लॅश बाउन्स करायची सवय हातात बसलेली असते, म्हणून लाइटमनच्या आणि फोटोवाल्यांच्या कागदावर मोठ्या अक्षरात: "बोहल्याबाहेर बाउन्स बंद." रंगीत छतावर आपटून आलेला फ्लॅश छताचाच रंग घेऊन येतो.

एक सोडून सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवली आणि सेकंद दाखवणाऱ्या मोबाईलच्या घड्याळाचा त्या प्रत्येक बॉडीवर एक फोटो काढला. उरलेल्या बॉडीत बरेच महिने बॅटरी नव्हती, तिची तारीख-वेळ उडालेली. ती नुसत्या अंदाजाने भरली. याची किंमत १२ मेच्या नोंदीत.

ड्रोन: सरकारी ड्रोन नकाशावर जागा हिरव्या क्षेत्रात आहे, तिथे ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. २५० ग्रॅमच्या वरचं ड्रोन व्यवसायासाठी उडवायचं तर पायलटचं प्रमाणपत्र लागतं, ते असलेला माणूस दापोलीतूनच घेतला. वेळ सकाळी साडेआठच्या आत. दुपारी खारा वारा सुटतो, आणि घारी ड्रोनवर झडप घालतात.

२ मे, प्रवास

पुण्याहून पहाटे ५ ला. ताम्हिणी, माणगाव, महाड, पोलादपूर, कशेडीचा बोगदा, भरणे नाका, तिथून आत दापोली. सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, चहा-नाश्ता धरून सात तास. गाड्या दोन. एकीत पाच माणसं आणि सगळं सामान बसतं, पण परतताना डेटाच्या दोन प्रती एकाच डिकीत नकोत.

राहायची खोली एसीची. कॅमेऱ्याच्या बॅगा एसीत ठेवल्या नाहीत, बाहेरच्या पडवीत ठेवल्या. मे महिन्यात कोकणात गार लेन्स बाहेर काढली की समोरच्या काचेवर दव धरतं, आणि पुसलं की परत धरतं. लेन्स आतून धुकटली तर अर्धा तास गेलाच.

३ मे, ग्रहमख आणि हळद

ग्रहमख ओटीवर, उजेड दारातून एका बाजूने. फ्लॅश लागला नाही.

हळदीला व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवायचा नाही. चौकटीत सगळं पिवळं असलं की कॅमेरा तो पिवळा मारायला बघतो आणि पांढरी धोतरं निळी करतो. ५४०० ला कुलूप लावलं. पिवळ्या साड्यांचा पिवळेपणा हनुवटीखाली उतरतो, तो राहू दिला. हळदीचे फोटो आहेत.

तेलात कालवलेली हळद काचेला लागली तर कोरड्या कापडाने घासू नये, कोटिंगवर फराटे येतात. आधी ब्लोअर, मग लेन्स क्लीनरचा थेंब कापडावर. सगळ्या लेन्सवर यूव्ही फिल्टर होते म्हणून फिल्टर बदलून काम पुढे. कोणीतरी हळदीच्या हाताने मांजरपाटाची घडी उचलून बाजूला ठेवली. चार बोटांचे ठसे.

संध्याकाळी कापड वर चढवलं. पुन्हा मोजणी: बोहल्याच्या चारही कोपऱ्यांत कार्डाचे आकडे जवळजवळ सारखे. ठसे आलेला भाग होमाच्या मागच्या कडेला गेला.

४ मे, लग्न

७.४० ड्रोन. नारळ-पोफळीच्या वाडीत मांडवाचा लाल-पिवळा चौकोन आणि मधे पांढरा तुकडा. वरून हे कापड काय छान दिसतं, आणि खाली तेवढंच छळतं.

९.३० गौरीहर. वधू अष्टपुत्रीत. खोली लहान, खिडकी एक. ३५ मिलिमीटर, एफ/२. ट्यूबलाइट बंद करायला लावली. खिडकीचा निळसर आणि ट्यूबचा हिरवट उजेड एका गालावर एकत्र आले की नंतर निस्तरत नाहीत.

११.०० टीमचं जेवण. मुहूर्ताआधी जेवलं नाही तर थेट चार वाजता, शेवटच्या पंगतीला. भुकेल्या माणसाचा हात १/६० सेकंदाच्या शटरला हलतो.

११.४० जागा धरल्या. दक्षिणेला ३५, अंतरपाटाच्या बरोबर रेषेत. दुसरा कॅमेरा वराच्या मामाच्या खांद्यामागून ८५, वधूच्या चेहऱ्यावर. व्हिडिओ दोन फुटी चौथऱ्यावर ट्रायपॉडवर, सावलीत. मेच्या उन्हात फोर-के सलग चालवलं की कॅमेरा तापून आपणहून बंद पडतो. मागचा स्क्रीन अंगापासून उघडून ठेवायचा आणि दर दोन मंगलाष्टकांना थांबवून नवी क्लिप सुरू करायची.

एक्स्पोजर (शटरची वेळ, लेन्सचं उघडणं आणि कॅमेऱ्याची संवेदनशीलता): पांढऱ्या कापडाखाली १/२५०, एफ/४, आयएसओ ४०० बरोबर येत होतं. पण १/२५० ला अक्षतांच्या रेघा होतात. वरून पडणारा दाणा तेवढ्या वेळात सेंटीमीटरभर सरकतो. दाणा दाणा सुटा दिसायचा तर १/१०००. मग एफ/२.८ आणि आयएसओ ८००, हिशेब तोच. स्ट्रोब हाय-स्पीड सिंकवर (वेगवान शटरशी फ्लॅश जुळवण्याच्या सोयीवर) टाकावा लागतो आणि त्यात त्याची ताकद बरीच घटते, म्हणून सॉफ्टबॉक्स सहा फुटांवर आणला, चौकटीच्या जेमतेम बाहेर.

मंगलाष्टकं सुरू. प्रत्येक कडव्याच्या शेवटी "शुभमंगल सावधान" आणि अक्षता. पहिल्या तीन वेळा फक्त अक्षता टाकणाऱ्यांचे हात टिपायचे. तिथे घाई नाही, पुन्हा संधी येते. गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे माईक घरच्यांकडे गेला: आत्या, मग मावशी, मग काकांनी स्वतः रचलेलं, कागदाच्या दोन्ही बाजूंना. मुहूर्त जवळ आल्यावर गुरुजींनी माईक परत घेतला.

खूण एकच. गुरुजी "तदेव लग्नं सुदिनं तदेव" म्हणायला लागले की हे शेवटचं. इथून अंतरपाट जायला फार तर पंधरा-वीस सेकंद. या ओळीवर तिघांनीही लेन्स वर केल्या, फोकस अंतरपाटाच्या वरच्या कडेवरून वधूच्या डोळ्यांवर नेला आणि कॅमेरा सेकंदाला आठ फ्रेमवर ठेवला. फोकस कापडावर अडकून राहिला तर कापड गेल्यावर तो मागे जायला पाव सेकंद घेतो, आणि पाहण्यासारखं जे असतं ते तेवढ्यातच असतं: कापड निघताच वधू आधी वराच्या पायांकडे बघते की डोळ्यांकडे. वाजंत्री सुरू झाल्यावर बटण दाबलं तर उशीर झालेला असतो.

मिळालं काय: दक्षिणेच्या ३५ वर कापड हातातून सुटतानाच्या सहा फ्रेम, त्यातल्या दोन वापरण्याजोग्या. तिसरीत पाहुण्यांचा मोबाईल मधे. ८५ वर अकरा. पाहुण्यांना "मोबाईल खाली घ्या" असं ओरडायचं नाही. मंगलाष्टकांआधी करवल्यांना सांगून पुढच्या रांगेत लहान मुलं बसवली होती, त्यामुळे उभे मोबाईल दुसऱ्या रांगेत गेले.

लाजाहोम. धूर वर जाऊन दुहेरी कापडाखाली साचला, ही बाब पाहणीत सुटली होती. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मारला की धूर पांढरा पडदा होतो. फ्लॅश बंद, स्ट्रोब होमाच्या मागच्या बाजूला तिरका नेला. मग तोच धूर निळसर पदरासारखा दिसतो आणि चेहरे मोकळे राहतात. ऑटोफोकस ज्वाळेवर धरतो. एकच बिंदू करून डोळ्यावर. सप्तपदी, कानपिळी यादीप्रमाणे.

पंगत. केळीची पानं मांडली गेली, मीठ-लिंबू वाढलं गेलं, माणसं अजून बसायची आहेत, तेव्हाच फोटो. पहिला वरण-भात कालवला गेला की कॅमेरा खाली. तोंडात घास असलेला फोटो आजवर कोणी अल्बममध्ये ठेवलेला नाही.

ग्रुप फोटो ३.३० ते ४.१५, चोवीस ग्रुप, दोन्ही घरचा एकेक कारभारी यादी घेऊन. वयस्कर मंडळी आधी. त्यांना खुर्चीवरून एकदाच उठवायचं.

७.१५ स्वागत समारंभ. स्टेजवर जांभळे एलईडी पार (स्टेजचे रंगीत दिवे). अशा दिव्यात एक-दोन अरुंद पट्ट्यांतलाच रंग असतो, त्वचेचे बाकीचे रंग दाखवायला त्यात काही नसतंच. रॉमध्येही ते परत आणता येत नाहीत. स्टेजवाल्याला विनंती करून समोरचे चार पार वॉर्म व्हाइटवर, मागचे जांभळे राहू दिले. ८.०५ ला वीज गेली, जनरेटर. विजेवर दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात, म्हणून व्हिडिओ २५ फ्रेम आणि १/५० ला पट्टे दिसत नाहीत. हे विजेच्या ५० हर्ट्झमुळे. जनरेटरवर त्या ५० चे कधी ४९ होतात, कधी ५१. व्हिडिओत पट्टे हळूहळू वर चढायला लागले. शटर बारीक पायऱ्यांनी फिरवत नेलं, १/५१ च्या आसपास थांबले. स्थिर फोटोला इलेक्ट्रॉनिक शटर बंद, मेकॅनिकलच.

रात्री ११ ते १२.३० कॉपी. तिन्ही दिवसांचा हिशेब: ५२०० फ्रेम, प्रत्येकी ३० एमबी, म्हणजे दीडशे जीबीच्या वर. व्हिडिओ १०० एमबीपीएसला तासाला ४५ जीबी, दोन कॅमेरे मिळून अकरा तास. एकूण साडेसहाशे जीबी धरायचे. दोन एसएसडी, चेकसम (प्रत हुबेहूब असल्याची खूण) जुळवून. कार्डं पुण्याला पोहोचेपर्यंत फॉरमॅट नाहीत. भरलेलं कार्ड डबीत उलटं.

६ मे

सत्यनारायण, चिपळूण. दोघंच गेले. दीड तास.

१२ मे, निवड

वेळेनुसार लावल्यावर कॅंडिडच्या दुसऱ्या बॉडीत अंतरपाट गेल्याचा फोटो शेवटच्या मंगलाष्टकाच्या आधी. अंदाजाने भरलेलं घड्याळ. दोन्ही कॅमेऱ्यांत कापडाची खालची कड हातातून सुटतानाची फ्रेम शोधली, फरक ४७ सेकंद. त्या बॉडीच्या सगळ्या फोटोंची वेळ एकदम तेवढी सरकवली.

५२०० मधून ९४० ठेवले. मिटलेले डोळे, पाठी, दुहेरी फ्रेम गेल्या. आजीचा एक हललेला फोटो ठेवला. तिचा दुसरा नाही.

२० मे, रंग

बोहल्यावरचे ३१० फोटो एका व्हाइट बॅलन्सवर दोन तासांत. रंगीत छताखालच्या पाहुण्यांचे १८० फोटो अडीच दिवस. मोठ्या चौकटीत बोहलं स्वच्छ आणि भोवतालची माणसं उबदार नारिंगी, ते तसंच राहू दिलं, डोळा आपोआप मधे जातो. पैठणीचा जांभळा छापताना सपाट होतो आणि जरीकाम बुडतं, म्हणून फक्त त्या रंगाचं सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) दहाने खाली.

७ जुलै, अल्बम

घरच्यांचं सिलेक्शन सहा आठवड्यांनी आलं. त्या मानाने लवकरच.

१२ बाय ३६, ३० शीट, १२८ फोटो. ३०० डीपीआयला १०८०० बाय ३६०० पिक्सेल. मधल्या घडीत चेहरा नको, दोन्ही बाजूंना पाऊण इंच मोकळा. मुखपृष्ठावरची देवनागरी नावं: फोटोशॉपमध्ये वर्ल्ड-रेडी मांडणी चालू नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते आणि जोडाक्षरं फुटतात. नावं पत्रिकेवरून, बोलण्यावरून नाही.

लॅबला आधी छपाईच्या नमुन्याच्या चार पट्ट्या. पहिल्या काळपट आल्या. मॉनिटर फार उजळ ठेवला होता. तो १०० ते १२० निटवर आणून फाइल्स पुन्हा पाहिल्या, मध्यछटा थोड्या उचलल्या.

२ ऑगस्ट

अल्बम, पेनड्राइव्ह आणि पूर्ण व्हिडिओ पोहोचवले. एक एसएसडी कपाटात, दुसरी वेगळ्या घरी, दोन्ही उघडून तपासल्या. मग कार्डं फॉरमॅट.

मांजरपाट तिसऱ्यांदा धुतलं. होमाचा काळेपणा गेला, हळदीची चार बोटं गेली नाहीत. त्या टोकाला काळा दोरा शिवला आहे. बांधताना ती कड पाठीमागे.